मराठी मीडियममुळे इंग्लिश बोलताना तोंडच उघडत नाही, काय करू?

तू लिहिलंयस की दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पीयूसी (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, पुस्तक वाचलं की समजतं पण वर्गात सरांनी उभं केलं की घसा कोरडा पडतो, तर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का. क्लासचं नंतर बघू, आधी ते 'मराठी मीडियममुळे' काढून टाक.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. आमच्या वेळी एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, पहिली भाषा मराठी १२५ मार्कांची, इंग्लिश आणि कन्नड शंभर-शंभरची, आणि इंग्लिशात मला चांगले पडलेले. बेळगावात पीयूसीला आलो, फिजिक्स लॅबमध्ये लेक्चररनी हातात स्क्रू गेज (बारीक जाडी मोजायचं साधन) देऊन विचारलं हे काय, मी स्पेलिंगवरनं पाठ केलेलं तसं 'स्क्रू गॉज' म्हटलं. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटची पोरं हसली, ते सोड, पोरंच ती. पण लेक्चरर पण हसले आणि वरनं "मराठी मीडियम काय?" म्हणाले. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिलिमीटर, अगदी ओठांवर होता, तो काही बाहेर आला नाही. त्यानंतर वर्गात हजेरीचं 'येस सर' सोडून मी बोललोच नाही. घरी काका म्हणाले, तरी सांगत होतो कॉन्व्हेंटला घाला.

तोंड उघडलं ते रूमवर. रूममेट बैलहोंगलचा, कन्नड मीडियमचा, त्याला मराठी शून्य, माझी कन्नड बाजारातली, 'एष्टु' (किती) याच्या पुढं सरकत नव्हती, हिंदी दोघांची सारखीच भंगार. मग राहिलं काय, इंग्लिश. भांडी कोण घासणार यावरनं आम्ही "यस्टर्डे आय ओन्ली वॉश, टुडे यू ओन्ली वॉश" असलं भांडलोय आणि कोणी हसलं नाही, कारण चूक कळायला दोघांपैकी एकाला तरी येत पाहिजे की! पुढं पुढं परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही एकमेकांना फिजिक्सच इंग्लिशातनं समजावून सांगायचो.

बीएडला हे सगळं पुस्तकात भेटलं. भाषा कशी शिकली जाते यावर लिहिणारा क्रॅशन म्हणतो मनात धास्ती असली की कानावर पडलेली भाषा पण आत शिरत नाही. होर्विट्झ बाई आणि त्यांच्या जोडीदारांनी १९८६ साली ही धास्ती मोजायला ३३ वाक्यांची प्रश्नावली केली, त्यात 'मी बोललो की बाकीची मुलं हसतील' हे पण एक वाक्य आहे. आणि ते काम टेक्सासच्या युनिव्हर्सिटीत, स्पॅनिश वगैरे शिकणाऱ्या पोरांवर. म्हणजे इंग्लिश बोलणारी पोरंच दुसऱ्या भाषेत बोलायला घाबरत होती, त्यांना कुणी मराठी मीडियमला घातलं होतं?

तर तुझ्याएवढंच कच्चं असलेलं कोणीतरी गाठ आणि रोज बोल. क्लासवाल्यांना पैसे देऊ नको, ते वाक्यांच्या झेरॉक्स देतात आणि पुढच्या बॅचच्या मागं लागतात. हां, एखादा क्लास खरंच तासभर बोलायला लावत असेल तर जा बाबा. आणि नुसत्या बोलण्यानं पेपर सुटत नाही, लिहायचं ग्रामर वेगळं बसून करावं लागतं, आमच्या 'ओन्ली वॉश'नं बोर्डात काही मार्क दिले नाहीत. उच्चार मोबाईलवरच्या डिक्शनरीत ऐकून घे, आमच्या वेळी ते नव्हतं.

यंदा माझ्या भाचीला मराठी शाळेत घालायचं चाललंय तर काकांनी परत तेच सुरू केलंय. रविवारी सगळे बसणार आहेत, मी पण जाणार आहे, टेक्सासचं तिथं काढतोच.