शेजारच्या देशात जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचा मुलगा नैरोबीत नोकरीला आहे. डिसेंबरात मी (वय ६३) आणि हे (वय ६७) महिनाभर त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच्या ऑफिसचा ड्रायव्हर नुसतं ओळखपत्र दाखवून युगांडात जाऊन येतो म्हणे. मग आम्हालाही तसं जाता येईल का? आमचा एजंट म्हणतो, ‘ईस्ट आफ्रिका’ व्हिसा काढला की केनिया, युगांडा, रवांडा, टांझानिया सगळं त्यात येतं. खरं आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एजंटचं अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला महागात पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ड्रायव्हरचं. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांनी २०१४ पासून आपापल्या नागरिकांना राष्ट्रीय ओळखपत्रावर ये-जा करायची मुभा दिली आहे. ती त्या नागरिकांना आहे, तिथे राहणाऱ्या किंवा फिरायला आलेल्या परदेशी माणसाला नाही. तुमचा मुलगा तिथे नोकरी करतो, म्हणून त्यालाही ती लागू होत नाही.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ह्यांची नोकरी पश्चिम केनियातल्या एका साखर कारखान्यात होती, त्यामुळे एकोणीस वर्षं आम्ही किसुमूत काढली. आपल्याकडचे साखरेतले बरेच लोक त्या भागात होते. तिथून बुसियाची सरहद्द दोन-अडीच तासांवर. बुसिया हे गावच मधून कापलेलं आहे, अर्धं केनियात, अर्धं युगांडात. सामिया लोक दोन्ही बाजूंना राहतात. एकीचं माहेर इकडे, सासर तिकडे. आमच्याकडे केळी आणि वाळवलेली ओमेना मासळी घेऊन येणारी बाई आठवड्यातून दोनदा सरहद्द ओलांडायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले. तिने पदराच्या गाठीतून कार्ड काढलं, खिडकीतल्या माणसाने पाहिलं, ती पलीकडे गेलीसुद्धा. मी पासपोर्ट, व्हिसाचा कागद आणि पिवळं कार्ड (पीतज्वराची लस घेतल्याचं) हातात धरून रांगेत पाऊण तास उभी. ती टोपली खाली ठेवून माझी वाट बघत बसली होती. शेजारपण तिचं होतं, माझं नव्हतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. (तिकडे भाड्याच्या दुचाकीला ‘बोडाबोडा’ म्हणतात ना, तो शब्दही याच सरहद्दीचा. एका देशाच्या नाक्यापासून दुसऱ्याच्या नाक्यापर्यंत माणसं नेणारे सायकलवाले ‘बॉर्डर टू बॉर्डर’ ओरडायचे, त्याचं बोडाबोडा झालं.)

आता तुमच्या व्हिसाचं. पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा शंभर डॉलरचा, नव्वद दिवसांचा, आणि त्यावर कितीही वेळा ये-जा करता येते. पण तो फक्त केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांचा. टांझानिया त्यात नाही. शिवाय अर्ज ज्या देशाकडे केला, पहिला प्रवेश त्याच देशातून करावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या तीन देशांच्या बाहेर पाऊल टाकलं की तो व्हिसा संपतो, मग त्यावर साठ दिवस शिल्लक असले तरी. २०१७ साली माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे आली होती. त्यांच्या एजंटनेही ‘सगळं येतं’ असंच सांगितलं होतं. युगांडा बघून झालं, मग चार दिवस टांझानियातल्या अरुशाला गेले. परतताना केनियाच्या सरहद्दीवर, नामांगाच्या नाक्यावर रात्री साडेनऊला त्यांना सांगितलं, की हा व्हिसा संपला, आता नवा घ्या. मोठ्यांचे माणशी पन्नास डॉलर. जवळ रोख तेवढे नव्हते, म्हणून आमचा एक ओळखीचा नैरोबीहून पैसे घेऊन निघाला. जाऊबाई लेकराला मांडीवर घेऊन बाकावर बसून होत्या. फोनवर त्यांचा रडवेला आवाज ऐकला, तो मी अजून विसरले नाही. नाक्यावरच्या अधिकाऱ्याची चूक नव्हती, नियमच तसा आहे. चूक होती ती न वाचता सांगणाऱ्याची.

म्हणून टांझानिया शेवटी ठेवा. नैरोबीला उतरा, मुलाकडे राहा, बुसियावरून युगांडा, तिथून गातुनाच्या नाक्यावरून रवांडा, मग परत नैरोबी. सगळं झालं की टांझानियात जा आणि भारतात परतायचं विमान किलिमांजारो किंवा दार-ए-सलामहून धरा. टांझानियाचा वेगळा ई-व्हिसा भारतीयांना पन्नास डॉलरला मिळतो.

पैशाचा हिशेबही करून बघा. रवांडाने राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तीस दिवसांच्या प्रवेशाचं शुल्क माफ केलं आहे, आणि आपण राष्ट्रकुलात आहोत. फक्त रवांडालाच विमानाने जाणार असाल तर शंभर डॉलर घालवायची गरज नाही. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, पण त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ‘व्हिसामुक्त केनिया’ वाचून कोणी तसंच विमानतळावर जाऊ नका. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत आणि ती वर जास्तीचे पैसे घेतात.

आता पिवळ्या कार्डाचं, कारण तुमची वयं वाचून मला तीच काळजी जास्त वाटली. युगांडा पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्याचं कार्ड मागतंच. केनियातून येणाऱ्याला टांझानियाही मागतो. आणि परत येताना आपलं भारत सरकार सगळ्यात कडक. कार्ड नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच देताना डॉक्टर फार विचार करतात. ती जिवंत विषाणूची लस आहे, आणि या वयात तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तेव्हा तिकीट काढायच्या आधी दोघांनी आपल्या डॉक्टरांकडे जा. अंड्याची ॲलर्जी, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या, सगळं सांगा. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर सूट दिल्याचं पत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात असतं. तसं झालं तर मी तुमच्या जागी असते, तर युगांडाचा हट्ट सोडून मुलाकडे निवांत राहिले असते. मात्र नुसत्या केनियाहून परतलात तरी भारतातली अट सुटत नाही, तेव्हा ते सहा दिवस हिशेबात धरूनच ठरवा.

आणखी एक, आपल्या आयांसाठी. चकल्या, मेतकूट, भाजणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नका. रवांडात २००८ पासून, केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. गातुनाच्या नाक्यावर बॅग उघडून पिशव्या काढून घेतात. माझे बेसनाचे लाडू तिथल्या टेबलावर वर्तमानपत्रात ओतून घ्यावे लागले होते. सरळ स्टीलचे डबे घ्या, जड झाले तरी चालतील.

प्रश्न : मी भूगोल शिकवतो. युरोपात जसं एका व्हिसावर फिरता येतं, तसं आफ्रिकेत आहे का, असं मुलांनी विचारलं. काय सांगू?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : सर, युरोपात ज्यामुळे एका व्हिसावर फिरता येतं त्या शेंगेन करारापेक्षा जुना करार पश्चिम आफ्रिकेत आहे, हे मुलांना आधी सांगा. इकोवास या तिथल्या देशांच्या संघटनेने १९७९ मध्ये आपल्या नागरिकांसाठी मुक्त संचाराचा करार केला. घाना, नायजेरिया, सेनेगलचा माणूस एकमेकांच्या देशात व्हिसाशिवाय नव्वद दिवस राहू शकतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला त्या संघटनेतून बाहेर पडले, तरी त्यांच्या माणसांचे पासपोर्ट आणि ये-जा तूर्त चालू ठेवायचं संघटनेने जाहीर केलं. सरकारं भांडली तरी बाजार आणि सोयरिकी थांबवता येत नाहीत, हे मुलांना नकाशावर दाखवता येईल.

सगळ्या खंडासाठीचा करार आफ्रिकन युनियनने २०१८ मध्ये मांडला. तो लागू व्हायला पंधरा देशांची मंजुरी हवी होती, पण मोजक्याच चार देशांनी ती दिली. त्यात रवांडा एक. मोठ्या, श्रीमंत देशांना आपल्याकडे लोंढे येतील अशी भीती वाटते. म्हणून देश आपापल्या पातळीवर दारं उघडत आहेत. बेनिन, गांबिया आणि सेशेल्सनंतर रवांडाने २०२३ मध्ये आणि घानाने २०२५ च्या सुरुवातीला सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला. बोट्सवाना आणि नामिबिया तर २०२३ पासून एकमेकांच्या माणसांना नुसत्या ओळखपत्रावर येऊ देतात. मला स्वतःला अशी दोन शेजाऱ्यांमधली समजूत खंडभरच्या करारापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण मी बुसियाला ती चालताना पाहिली आहे.

प्रश्न : माझ्या पासपोर्टची मुदत मार्चअखेर संपते. जानेवारीत केनिया-टांझानियाला जायचंय. चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार. तिकडे प्रवेशाच्या वेळी मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते, आणि शिक्क्यांसाठी कोरी पानंही हवीत. विमान कंपनी तुम्हाला मुंबईतच थांबवेल. आधी पासपोर्ट नवा करून घ्या आणि मगच व्हिसाचे अर्ज भरा, कारण ते पासपोर्टच्या क्रमांकावर असतात.