समुद्राने घडवलेली कोणती ठिकाणं आवर्जून पाहावीत? नागपूरहून सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की समुद्राने कोरलेले कडे, कमानी, दगडी खांब पाहायची ओढ आहे, राहता नागपुरात, मुलगी दहावीत आहे आणि परदेशवारी एकदाच जमेल. तर निवडायचं काय? मीही इथलीच. माझं उत्तर ठाम आहे: परदेशात उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे, पण त्याआधी आपलं हरिहरेश्वर.

कारण सांगते. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. दख्खनच्या या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या नागपूरपाशीच संपते. कामठीकडे गेलात की त्याहून कितीतरी जुने वालुकाश्म लागतात. इथून समृद्धी महामार्गाने पश्चिमेला निघालात की इगतपुरीपर्यंत जवळजवळ सगळा प्रवास त्याच लाव्ह्यावरून होतो. सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला पोहोचलात की तो समुद्राला भिडलेला दिसतो. एकाच दगडाची दोन टोकं पाहून मुलीला जे कळेल, ते शंभर फोटो पाहून कळणार नाही.

देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या फटीतून पायऱ्यांनी थेट खाली समुद्रावर उतरते. समोर लाटांनी सपाट केलेला कातळ, म्हणजे शाळेच्या भूगोलातला तरंगघर्षित मंच, आणि मागे उभा कडा. कड्याच्या पायथ्याशी लाटांनी आत कोरलेल्या खोबणी आहेत. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने सुटतो. त्यातून झालेली जाळीदार नक्षी इथे हाताला लागेल इतकी जवळ आहे. पण भरतीला ही वाट पाण्याखाली जाते आणि इथे माणसं लाटांनी ओढून नेल्याच्या दुर्घटना झाल्या आहेत. वाट बंद आहे असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका, परत फिरा.

वेळ काढायचं कोकणातलं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. तरी गावात विचारून मगच उतरा. दोन दिवस जास्त असतील तर गुहागरजवळ हेदवीची बामणघळ पाहा. ती मात्र भरतीलाच पाहायची, आणि लांबूनच. कातळातल्या चिंचोळ्या घळीत लाट घुसते, कोंडते आणि उंच उसळते. समुद्र दगड कसा फोडतो हे याहून स्पष्ट मला कुठेच दिसलेलं नाही.

आता जायंट्स कॉजवे. सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब, बरेचसे षटकोनी, एकमेकांना खेटून समुद्रात उतरत गेलेले. १९८६पासून जागतिक वारसा स्थळ. वय सुमारे सहा कोटी वर्षं, म्हणजे आपल्या लाव्ह्याच्या जवळपासचं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या शेताला भेगा पडतात ना, तसंच इथे झालं: लाव्हा थंड होताना आक्रसला, तडकला आणि तडे पृष्ठभागापासून आत आत सरळ उतरत गेले. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीजवळही असे खांब सापडलेत, तेही पाहून घ्या. व्हिसा ब्रिटनचा लागतो. खांबांवर चालायला तिकीट नाही, पर्यटक केंद्र आणि पार्किंगला पैसे पडतात.

परदेश लांबणीवर पडला तर उडुपीजवळ मालपेहून बोटीने सेंट मेरी बेटांवर जा. तिथले खांब आपल्या लाव्ह्यापेक्षा जुने आहेत, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे, मादागास्कर भारतापासून सुटं होत होतं त्या काळातले. पावसाळ्यात बोटी बंद असतात.

कमानी आणि समुद्रातले एकटे सुळके यांचं मात्र वेगळं आहे, ते टिकत नाहीत. भूशिरात आधी गुहा, ती आरपार गेली की कमान, कमानीचं छत कोसळलं की स्तंभ, मग तोही आडवा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘ट्वेल्व्ह अपॉस्टल्स’ या चुनखडीच्या स्तंभांपैकी एक जुलै २००५मध्ये कोसळला. त्याच किनाऱ्यावरची ‘लंडन ब्रिज’ कमान जानेवारी १९९०मध्ये तुटली, तेव्हा पुढच्या तुकड्यावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. माल्टाची ‘अझूर विंडो’ मार्च २०१७च्या वादळात गेली, गॅलापागोसची ‘डार्विन्स आर्च’ मे २०२१मध्ये. म्हणून यादीत कमान असेलच तर ती उगाच पुढे ढकलू नका. इंग्लंडच्या डॉर्सेटमधली ‘डर्डल डोअर’ अजून उभी आहे आणि त्याच व्हिसावर होते.

आइसलँडचा रेनिसफ्यारा मी मुद्दाम पहिल्या क्रमांकावर ठेवला नाही. काळी वाळू, बेसाल्टचे खांब, सगळं अप्रतिम. पण तिथे शांत समुद्रातून अचानक मोठी लाट येते आणि तिने जीव घेतलेत. घरच्यांना घेऊन जाताना ही जोखीम मी घेणार नाही.

वेळापत्रक म्हणाल तर कॉजवेसाठी दहावीची परीक्षा झाल्यावर मे महिना उत्तम, तिकडे दिवस मोठा असतो. हरिहरेश्वरला यंदाच्या दिवाळीतच जाऊन या. भाऊबीज उरकून निघा आणि पंचमी-षष्ठीला तिथे असा. पाऊणपटीच्या हिशोबाने सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी मिळते. आठ-साडेआठला खाली उतरायला लागलात तर पाणी परतायच्या आत सगळा कातळ निवांत पाहून होतो.