चूक सुनेच्या हातांची नाही

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी लावूनच घरी आले. आठवड्याने थंडी वाजून ताप आला. मेडिकलवाल्याने सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या, पाच दिवस दिल्या तरी उतार नाही. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) 'एन्टेरोकोकस फीकॅलिस' निघाला. हा आतड्यातला जंतू आहे हे कळल्यापासून सासूबाई म्हणतात, माझ्या हातांना स्वच्छता नाही. खरंच चूक माझी आहे का? – एक सून, लालबाग

उत्तर : पत्र वाचून मी आधी तुम्हाला फोन केला, कारण नळी असताना थंडी-ताप आला तर छापील उत्तराची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आता राहिलेलं बोलते.

परळच्या लॅबमध्ये माझं आयुष्य कल्चर बघण्यात गेलं. मी शिकले तेव्हा या जंतूला स्ट्रेप्टोकोकसच म्हणत. १९८४ मध्ये त्याचं कूळ वेगळं झालं. तो तुमच्या, माझ्या आणि सासूबाईंच्याही आतड्यात निमूटपणे राहतो. नळी घातली की त्याला मूत्राशयाची वाट मिळते. आजूबाजूच्या त्वचेवरून तो नळीच्या कडेने वर चढतो आणि नळीवर चिकट थर करून बसतो. म्हणजे बहुतेक वेळा जंतू पेशंटचा स्वतःचाच असतो. हातांवरूनही तो पसरू शकतो, कोरड्या जागीही बरेच दिवस तग धरतो. म्हणून पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, तुम्हीही आणि सासूबाईंनीही. पण म्हणून आजाराचं खापर तुमच्या डोक्यावर फोडणं अन्याय आहे.

मला खरं वाईट वाटतं ते त्या पाच दिवसांचं. सेफिक्झिम ज्या गटातलं आहे, त्या सेफॅलोस्पोरिनना हा जंतू मुळातच दाद देत नाही. कल्चर आधी पाठवलं असतं तर ते दिवस वाचले असते. रिपोर्टवर अँपिसिलिनसमोर 'एस' (म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो) असेल तर औषध सोपं आहे. व्हँकोमायसिनसमोर 'आर' (दाद देत नाही) असेल तर मात्र निवड फार थोडी उरते, आणि ती डॉक्टरांनीच करायची.

सासऱ्यांच्या हृदयाची झडप खराब किंवा कृत्रिम असेल तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. हा जंतू रक्तातून जाऊन झडपेवर बसू शकतो. अशा वेळी रक्ताचं कल्चर लागतं.

पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगा, जमिनीला टेकू देऊ नका. आणि प्रत्येक भेटीत विचारा, 'नळी अजून लागणार आहे का?'