एक्केचाळीस ओळींच्या शीटमध्ये नसलेला फ्लॅट

"मॅडम, ज्याला त्याला दुसरा फ्लॅट आहे. भाड्यातून हप्ता निघतो म्हणतात. आम्हीच मागे पडलो. आणि घ्यायचं म्हटलं की छातीत धडधडतं."

गेल्या काही वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने 'ज्याला त्याला' म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. लोक झोप लागत नाही म्हणून येतात, नवरा-बायकोची धुसफूस म्हणून येतात, आणि तिसऱ्या भेटीत पिशवीतून कुठल्यातरी प्रकल्पाचं माहितीपत्रक निघतं. मी समुपदेशक आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. पण या प्रश्नात जेवढा पैसा असतो तेवढंच मन असतं, आणि ते माझं काम.

संदीप (नाव अर्थातच बदललंय) अडतीस वर्षांचा, आयटीतला, हिशेबी माणूस. पत्नीला घेऊन आला तो लॅपटॉपसकट. दीड वर्षात त्याने पुण्यात वाघोलीपासून धायरीपर्यंत एक्केचाळीस फ्लॅट पाहिले होते. प्रत्येकाची शीटमध्ये एक ओळ. टोकन मात्र एकदाही दिलेलं नव्हतं.

"दर शनिवारी साइट बघायची, रविवारी भांडायचं," त्याची पत्नी म्हणाली. "मुलगी आता सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या पुस्तकांना हात लावून बघते, खरी आहेत का."

मी म्हटलं, त्यातला सगळ्यात आवडलेला दाखवा. धायरीतला टू बीएचके, सत्तर लाख. कर्ज ५६ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता सुमारे ४८,६००. भाडं १९,०००.

"मग हप्ता भाड्यात कसा निघतो?"

"निघत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. जणू मी चोरी पकडली.

शीट अजून पुढे नेली. वर्षात एक महिना घर रिकामं धरा. मेंटेनन्स ३०,००० जातो. पुण्यात स्वतः राहत्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिलं की ती जाते, म्हणून कराचे १५,००० धरले. एजंटला एक महिन्याचं भाडं, रंग-नळ-दुरुस्तीला दहा हजार. हातात वर्षाला १ लाख ३५ हजार उरले. सत्तर लाखांवर दोन टक्केही नाहीत. शिवाय स्टॅम्प ड्युटी सात टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, हे खिशातून आधीच गेलेले. मित्र म्हणाला होता, व्याजाचा तोटा पगारातून वजा होतो. जुन्या कररचनेत होतो, तोही वर्षाला दोन लाखांपर्यंतच. संदीप नव्या रचनेत होता, तिथे होत नाही.

इथे बरेच जण म्हणतील, झालं की उत्तर, घेऊ नका. पण मी ते म्हणत नाही. किंमत वाढेल या आशेवर दरमहा सदतीस हजार पदरचे घालणं हा एक निर्णय आहे, आणि ज्याला झेपतो त्याने तो जरूर घ्यावा. फक्त त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नये. मी ज्या परंपरेत शिकले तिथे आम्ही भूतकाळ फार उकरत नाही, माणसाच्या मनात आत्ता कोणतं वाक्य चालू आहे ते धरतो. संदीपच्या मनातलं वाक्य 'मला भाडं मिळावं' असं नव्हतंच. ते होतं, 'माझ्याकडेही असलंच पाहिजे.' मराठीतल्या त्या एका 'च'ने मी किती संसार हैराण झालेले पाहिलेत!

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, "आत्ता तुमच्याकडे एखादी रिकामी जागा आहे का?"

"नाही. म्हणजे, बिबवेवाडीला आईचा वन बीएचके आहे. पण तो बंद असतो."

"किती दिवस?"

"दिवाळीला तीन वर्षं होतील."

"मेंटेनन्स?"

"अठराशे. दर महिन्याला भरतो."

"शीटमध्ये कितव्या ओळीत आहे?"

तो हसला. मग थांबला. पत्नीने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

भाड्याने द्यायला घर हवं म्हणून दीड वर्ष वणवण करणारा माणूस हातातलं घर कुलूप लावून बसला होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या प्रश्नाचा थोडा अभिमानही वाटला. पण उत्तर इतकं सोपं नव्हतं.

"भाडेकरू निघालाच नाही तर?" तो म्हणाला. आणि आजोबांचा वाडा बाहेर आला. शनिवार पेठ, चार बिऱ्हाडं, भाडं दहा-बारा रुपये, आणि एका बिऱ्हाडाविरुद्धचा दावा, ज्याच्या तारखांना त्याचे वडील शाळकरी वयापासून आजोबांचा हात धरून कोर्टात जायचे. घरातलं वाक्य ठरलेलं होतं : भाडेकरू ठेवला की घर गेलं.

भीती खोटी नव्हती. पण ती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातली होती. २००० साली लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या कराराची, वाट वेगळी आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, अगदी अकरा महिन्यांचाही, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोटरीच्या कागदावर भागवणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते : नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. खर्च किती, तर मुदतीतलं एकूण भाडं अधिक अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के, याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि शहरात नोंदणीचे १,०००. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची, सोसायटीला कराराची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क घेते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नाही.

हे सगळं ऐकून, वकिलाकडून खात्री करून घेऊनही संदीपने पुढचे तीन आठवडे काही केलं नाही.

मग त्याची पत्नी बोलली. "कपाटात आईंच्या साड्या अजून तशाच आहेत. हा महिन्यातून एकदा जातो. नळ सोडतो, खिडक्या उघडतो, तासभर बसतो आणि येतो. मला नेत नाही."

खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी दीड महिना कायद्याच्या भीतीशी बोलत होते. ती भीती पुढे उभी होती, मागे आई होती. भूतकाळ न उकरणाऱ्या मला हे उशिरा दिसलं, हेही नोंदवते.

"मॅडम, तिथे दुसरं कुणी स्वयंपाक करेल..." एवढंच तो म्हणाला.

म्हणून आता घर भाड्याने देण्याचं स्वप्न घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, तुम्हाला आपल्या जागेची किल्ली दुसऱ्याच्या हातात देता येते का? भिंतीला त्याने ठोकलेला खिळा सोसवेल का? नवशिक्याने सत्तर लाखांवर हे शिकू नये. गावचं घर असो, आईवडिलांचा बंद फ्लॅट असो, निदान शेजाऱ्यांची बंद जागा सांभाळून द्यायची असो, एक करार, एक भाडेकरू, अकरा महिने. त्यात कळतं की आपण घरमालक व्हायला निघालोय की नुसतं मागे पडायचं नाही म्हणून धावतोय. नसेल तो स्वभाव, तर ते पैसे दुसरीकडे लावा. त्यात कमीपणा नाही.

साड्या आवरायला त्या दोघांना दोन रविवार लागले. एक पैठणी ठेवली, बाकीच्या वाटल्या. देव्हारा घरी आणला. कराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बिबवेवाडीलाच आला. भाडेकरू जोडप्याचे आणि दोन साक्षीदारांचे ठसे पटकन उमटले. संदीपचा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. "साहेब, हात पुसा," एजंट म्हणाला. घामाने ओला होता. चौथ्यांदा घेतला. भाडं १२,०००, अनामत ४०,०००.

धायरीचा फ्लॅट त्याने घेतला नाही. कधी घेईल, ते त्याचं तो ठरवेल.

परवा त्याचा फोन आला. भाडेकरूने रात्री अकराला फोन करून गीझर बंद पडल्याचं सांगितलं म्हणून दहा मिनिटं कुरकुर केली. प्लंबरने साडेआठशे घेतले, तेही जास्तच. "शीटमध्ये त्याचा वेगळा कॉलम टाकलाय," तो म्हणाला. "एकच ओळ आहे आता त्यात."