अकरा वर्षांच्या मुलीला भुताच्या कादंबऱ्या वाचायला द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकराची आहे, जादूच्या आणि भुतांच्या कादंबऱ्या मागते, आणि आजी म्हणते, "नको, रात्री दचकून उठेल." माझं उत्तर: द्या. आजीने स्वतः सांगितलेल्या गोष्टींपेक्षा ही पुस्तकं बरीच सौम्य असतात.

मी वेंगुर्ल्याजवळ राहते. पडवीत पुस्तकांचं एक कपाट आहे. वाडीतली आठ-दहा पोरं त्यातून पुस्तकं नेतात, परत आणतात, कधी पावसात भिजवून आणतात. त्यांच्यावरून एक कळलं की पोरांना भूत चालतं, त्याला नियम मात्र हवेत. आमच्याकडच्या मंडळींना ते असतातच. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही. देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची, हद्द ठरलेली. आरवलीच्या वेतोबाला तर लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. एवढा मोठा देव, पण चालायला चपला लागतात! हे ऐकलेलं पोर घाबरत नाही, चपलेचं माप विचारतं.

म्हणून माझी पहिली शिफारस जोनाथन स्ट्राउडची 'लॉकवुड अँड कंपनी' ही पाच पुस्तकांची मालिका. पहिलं 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस', 2013 चं. लंडनमध्ये भुतांचा सुळसुळाट झालाय आणि ती नीट जाणवतात फक्त मुलांना. वय वाढलं की ती जाण जाते, मग मोठी माणसं नुसते हुकूम सोडतात. रात्री भुतांशी लढायला जातात ती पोरंच. हत्यारं म्हणजे लोखंडी साखळ्या, तलवार, मीठ, चांदी. वाहतं पाणीही भुताला अडवतं. शिवाय प्रत्येक भूत कुठल्यातरी वस्तूला किंवा जागेला चिकटलेलं असतं, ती शोधून बंदोबस्त केला की काम झालं.

जूनमध्ये एकदा लाईट गेली होती, तेव्हा मी बॅटरीच्या उजेडात हे इंग्रजीतून वाचत मराठीत सांगत होते. लोखंडाचं सगळ्यांना लगेच पटलं, बाळंतिणीच्या उशाशी कोयती सगळ्यांनीच पाहिलेली. मिठाशी आल्यावर मात्र चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मिठान भूत पळता, तर आमचो गिरो खाडीत कसो रवता?" (गिरो म्हणजे गिऱ्हा, रात्रीच्या माणसाला फसवून खोल पाण्यात नेणारा.) मला उत्तर सुचेना. पुढचे दोन दिवस पडवीत तोच वाद. शेवटी ठरलं की विलायती भुतं पाण्याला भितात आणि आपली त्यातच राहतात, तेव्हा आपला गिरो लंडनला पाठवला तर तिथल्या पोरांचं काही खरं नाही. भीती कुठे गेली कोणाला कळलंच नाही.

फँटसीत मी अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) वरचं मानते, आणि किनाऱ्यावरच्या मुलांसाठी तर खासच. सगळं जग बेटांचं. नायक सावळा, शेळ्या राखणारा पोरगा. तो धुकं उभं करून गाव वाचवतो, पुढे शिडात वारा भरायला शिकतो. आमच्याकडे एकाचे वडील मासेमारीला जातात. तो ऐकून म्हणाला, "असो वारो हाडूक जमला असता तर आमचा डिझेल वाचला असता." (हाडूक म्हणजे आणायला.) भाषा जड आहे, सुरुवातीला सोबत बसून वाचा.

हॅरी पॉटर मराठीतही आहे. पहिले तीन भाग या वयाला नेमके, चौथ्यापासून मरणं वाढतात, घाई नको. नील गेमनचं 'द ग्रेव्हयार्ड बुक' (2008, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मला फार आवडतं. कबरस्तानातली भुतं एका अनाथ मुलाला वाढवतात. पण पहिल्याच प्रकरणात त्याच्या घरच्यांचा खून झालेला असतो, तेव्हा तुम्ही आधी वाचा.

आता कुठली देऊ नका. शेवटच्या प्रकरणात 'भूत नव्हतंच, तो टॉर्च घेतलेला चोर होता' असं निघणारी. मोठ्यांना ती संस्कारी वाटतात. पोरांना फसवल्यासारखं वाटतं. एकाने असं पुस्तक परत करताना मला विचारलं होतं, "चोरच होता तर वर भुताचं चित्र कशाला काढलं?" आणि नारायण धारप, मतकरींच्या गूढकथा अजून चार वर्षं वरच्या फळीवर राहू देत. त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. मी 'चांदोबा'तल्या वेताळावरून थेट धारपांवर उडी मारली, तुमच्या मुलीच्याच वयात. महिनाभर रात्री मागल्या दारी एकटी गेले नाही. मधल्या वयाचं असं काही मला तेव्हा मिळालंच नाही, आणि मराठीत ती फळी आजही बरीच रिकामी वाटते.

सुरुवात लॉकवुडपासून करा. पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा, आणि आजींनाही ऐकायला बसवा. गिऱ्ह्याचं कोडं त्यांनाच घाला. काही उत्तर दिलंच तर इथे कळवा, पडवीतली मंडळी वाट बघतायत.