‘मला कुणी काही सांगतच नाही’

पत्र : मी साठी ओलांडलेली, भावंडांत थोरली. सख्खी, चुलत, मावस भावंडं आणि त्यांची मुलं धरून आम्ही तीसेक जण आहोत, पाच-सहा देशांत पांगलेले. सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला, मीच चालवते. रोज सगळ्यांची विचारपूस करते, पण समोरून फक्त अंगठा येतो. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचं ऑपरेशन झालं. मला ते मावसबहिणीकडून कळलं, तेही तो घरी आल्यावर. विचारलं तर म्हणाला, “तुला कशाला काळजी लावायची?” लहानपणी हाच भाऊ शब्दकोडं घेऊन माझ्या मागे मागे फिरायचा. त्याआधी पुतणीची नोकरी गेली. तिने मला फोनवर सांगितलं आणि कुणाच्या ओळखीने काही जमलं तर बरं, म्हणून मी ते ग्रुपवर टाकलं. तर ती ग्रुप सोडून गेली आणि आता माझा फोनही उचलत नाही. सगळ्यांना बांधून ठेवायचा मी मक्ता घेतलाय का? ग्रुप बंद करून टाकू का? – थोरली

उत्तर :

प्रिय थोरल्या ताई,

सख्ख्या भावाचं ऑपरेशन तिसऱ्याच माणसाकडून कळावं, हे कुणालाही लागेल. तुम्हाला लागलं यात काही जगावेगळं नाही. माणसं इतकी पांगल्यावरही त्यांना एकत्र ठेवावं असं ज्याला वाटतं, असा घरात एखादाच असतो आणि तुमच्या घरात ते तुम्ही केलंत. त्याबद्दल मला तुमचं फार कौतुक आहे. म्हणूनच जे दिसतंय ते स्पष्ट सांगते.

तुमच्या पत्रातल्या या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पुतणीने नोकरी गेल्याचं तुम्हाला सांगितलं, एकट्या तुम्हाला, आणि काही वेळातच ते तीस जणांना कळलं. तुमचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण तिच्या बाजूने बघा. जी गोष्ट तिला अजून स्वतःला नीट पचली नव्हती, तिच्यावर काका, मामा आणि चुलत भावंडं सल्ले द्यायला लागली. ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं नाही, त्यांचे ‘काळजी करू नकोस’ आले. आता भावाकडे या. त्यानेही तो ग्रुप बघितलाय. आजारपणाचं ताईला सांगितलं की ते सगळीकडे जाणार, हे त्याने मनाशी धरलं असणार. ‘तुला कशाला काळजी लावायची’ हे खरंही असेल, पण पूर्ण खरं नसेल. तुम्हाला कुणी परकं केलेलं नाही. तुम्हाला सांगणं म्हणजे जाहीर करणं, एवढाच समज झालाय आणि तो दूर करता येतो.

पहिलं काम पुतणीचं. फोन करू नका. तिला तो उचलावा लागेल किंवा न उचलल्याचं ओझं वाटेल. चार ओळी लिहा. ‘तू मला विश्वासाने सांगितलेलं मी तुला न विचारता सगळ्यांना सांगितलं. ते चुकलं. यापुढे तुझी गोष्ट तू सांगशील तेव्हाच आणि तू म्हणशील त्यालाच. उत्तर द्यायची घाई नाही.’ एवढंच पुरे. ‘पण मी तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य अगदी ओठांवर येईल. ते लिहू नका, त्याने माफीतली सगळी हवा निघून जाते. शेवटी ‘नोकरीचं काय झालं?’ हेही विचारू नका.

आणि इथून पुढे एकच नियम पाळा : बातमी ज्याची, त्याने ती सांगायची. कुणी तुम्हाला काही सांगितलं की त्याच फोनवर विचारून घ्या, “हे आणखी कुणाला सांगू? की आपल्यातच ठेवू?” आनंदाच्या बातमीलाही हेच लागू. बाळाची चाहूल, ठरलेलं लग्न, नवं घर ही बातमी स्वतःच्या तोंडाने सांगण्यात जो आनंद असतो, तो दुसऱ्याने आधीच सांगून टाकला की परत मिळत नाही. उलट घरात कुणी गंभीर आजारी असेल, तेव्हा सांगणाऱ्याला मदत हवी असते. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला तेच ते दहा जणांना सांगावं लागतं आणि प्रत्येकाचं रडणं ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी त्याने सांगितलं तर ते काम तुम्ही अंगावर घ्या. जवळच्या दोन-तीन माणसांना आधी फोन, मग बाकीच्यांना लेखी निरोप, आणि त्या निरोपात ‘सध्या फोन करू नका, मी उद्या कळवते’ हे स्पष्ट. मृत्यूची बातमी सख्ख्या माणसाला ग्रुपवर वाचायला लागू नये. फोन लागेपर्यंत ग्रुप गप्प राहिला तरी चालतो.

आता भाऊ. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शब्दकोड्याचं वाटलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते तुमचा रस्ता तिथून जातो.

तुम्ही रोज विचारता, ‘कसे आहात सगळे?’ या प्रश्नाला तीस माणसांसमोर कोण काय उत्तर देणार? ‘मजेत’ किंवा अंगठा. मनातलं बोलायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, हातात काहीतरी काम लागतं. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढे निघालेल्या तरुण मुलामुलींच्या नात्यांचा १८ महिने माग ठेवला आणि २०११पासून त्याचे निष्कर्ष मांडले. गाठीभेटी कमी झाल्या की मैत्री पातळ होत गेली. रक्ताच्या नात्यातला जिव्हाळा मात्र बऱ्यापैकी टिकला. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. मैत्री टिकवायला मुलींना बोलणं उपयोगी पडत होतं आणि मुलांना सोबत काहीतरी करणं. अभ्यास लहान होता, तरुणांचा होता आणि दुसरा भाग मैत्रीबद्दल होता. त्यावरून तुमच्या भावाचं निदान करणार नाही. पण ‘कसा आहेस’ला न बोलणारा भाऊ ‘सात उभा काय असेल?’ला बोलेल, यावर माझा विश्वास आहे.

तर असं करा. एक शब्दकोडं घ्या. तुम्हाला सुटेल तेवढं सोडवा आणि अर्धवट भरलेल्या चौकोनाचा फोटो फक्त भावाला पाठवा. वर एकच ओळ : ‘सात उभा अडलाय. चार अक्षरी, तिसरं अक्षर र.’ तब्येतीचा एक शब्द नको. उत्तर त्याच दिवशी येईल किंवा चार दिवसांनी. ते आलं की पुढचा फोटो. दोन-तीन आठवडे फक्त कोडंच चालेल. मग एखाद्या दिवशी उत्तराच्या खाली येईल, ‘काल टाके काढले. ठीक आहे.’ तेव्हा धावत जाऊन दहा प्रश्न विचारू नका. ‘बरं झालं सांगितलंस. दुखतंय का अजून?’ एवढंच आणि पुढचा अडलेला शब्द. ऑपरेशनच्या वेळी का नाही कळवलंस, हा हिशेब आत्ता काढू नका. हे दोन-चार महिने सुरळीत चाललं की तुम्हीच एकदा म्हणा, “पुढच्या वेळी मला आधी सांग, मी कुणाला सांगणार नाही.” तोवर त्याला ते पटलेलंही असेल.

दूर राहून सोबत खेळणं ही काही फोनने आणलेली गोष्ट नाही. लोक पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून बुद्धिबळ खेळत आले आहेत. एकेक डाव महिनोन् महिने, कधी वर्षंही चालायचा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघ १९५१मध्ये स्थापन झाला आणि आजही आहे. या खेळाची गंमत तुमच्यासारख्या घराला फार सोयीची. दोघांना एका वेळी जागं असावं लागत नाही. हल्ली लिचेस या मोफत संकेतस्थळावर एका चालीला १ ते १४ दिवसांची मुदत ठेवून डाव मांडता येतो. तुमच्या ग्रुपमध्ये एखादा भाचा आणि एखादा काका असे असतील की ज्यांचं एरवी काही बोलणं होत नाही. त्यांचा डाव लावून द्या. दोघांनी रोज एकेक चाल केली तरी चाळीस चालींचा डाव चाळीस दिवस सहज चालतो. इतके दिवस कुठल्याही विषयावर त्यांचं बोलणं टिकलं नसतं.

सगळ्यांना खेळ आवडेल असं नाही. कुणी विणतं, कुणी पक्षी बघतं, कुणी बाग करतं, कुणी जुनी गाणी ऐकतं. त्यांना त्यांच्या छंदातलं विचारा, आणि खरंच ऐकायचं असेल तरच विचारा. विणणारीला ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘हा टाका उलटा घातलाय का? काठ गुंडाळला जात नाही, तो कसा?’ असं विचारलंत, तर ती पानभर लिहील. मला स्वतःला अशी पानं फार आवडतात. त्यात माणूस जसा असतो तसा दिसतो.

घरातल्या मोठ्यांसाठी मला एक जुनी रीत सुचवावीशी वाटते : फिरतं पत्र. एक पाकीट पाच-सहा घरांत ठरलेल्या क्रमाने फिरतं. तुमच्याकडे आलं की तुम्ही सगळ्यांची पत्रं वाचायची, त्यातलं स्वतःचं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि पुढच्या घरी पाठवायचं. प्रत्येक फेरीत सगळी पत्रं ताजी आणि काढून घेतलेली जुनी आपल्याजवळ साठत जातात. हे ईमेलवरही करता येतं, पण परदेशी टपालाचा उशीर सोसत असेल तर कागदावर करा, अक्षर ओळखीचं असतं. या रीतीत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की इथे प्रत्येकाची पाळी येते. गप्प बसणाऱ्याचीही येते आणि रोज लिहिणाऱ्याला थांबावं लागतं. तुमचं थांबणंही, ताई, इथे महत्त्वाचं आहे. रोज तुम्हीच बोललात तर बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही. एका घराला पंधरा दिवसांपेक्षा जास्त मुदत देऊ नका, नाहीतर पाकीट कुणाच्या तरी टेबलावर धूळ खात पडतं. आणि सहा-सातपेक्षा जास्त घरं एका फेरीत नकोत.

लहान मुलांना बातम्यांत रस नसतो, गोष्टींत असतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात रॉबिन फिवश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांना २० प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबांची भेट कशी झाली, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त असल्याचं त्यांना दिसलं. म्हणून मुलांकडून उत्तरं घोकून घ्यायची नाहीत. ज्या घरात अशा गोष्टी सांगायला कुणाला तरी वेळ असतो, त्या घराचंच ते लक्षण असावं. थोरली म्हणून तुमच्याकडे अशा गोष्टींचा साठा आहे. आठवड्यातून एक जुना फोटो आणि त्याच्यासोबत तुमच्या आवाजात दोन-तीन मिनिटांची गोष्ट, एवढं पुरे. तो फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या रीतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करतं आणि मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे पुसट होतात.

व्हिडिओ कॉल ठेवायचा तर महिन्यातून एकदा ठेवा, वेळ ठरवून, आणि कुणी आलं नाही तर जाब विचारू नका. अनेक देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासाने पुढे-मागे होतात आणि ती सगळीकडे एकाच दिवशी होत नाहीत. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या दिवसांत कुणीतरी तासभर उशिरा येणारच. त्यावरून रुसवाफुगवा नको.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ग्रुप बंद करू नका. पण त्याच्याकडून सगळ्या अपेक्षाही ठेवू नका. तिथे तारखा, समारंभ, पत्ते आणि तो आठवड्याचा फोटो एवढं येऊ दे. मनातलं बोलणं दोघादोघांत होईल, तेच बरं. रोजची विचारपूस थांबवा. पहिले काही दिवस तिथे शुकशुकाट असेल आणि तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. तेव्हा ग्रुपवर लिहिण्याऐवजी एकाच कुणाला तरी फोन करा. पुढच्या पिढीतल्या कुणा एकाला आपल्या जोडीने अ‍ॅडमिन करा आणि मग त्याला त्याच्या पद्धतीने चालवू द्या. मक्ता एकट्याने घ्यायची गरज नाही, तो वाटून घेता येतो.

पुतणीला मात्र परस्पर ग्रुपमध्ये परत घेऊ नका, अ‍ॅडमिनला तसं करता येत असलं तरी. ती तिथे नसली तरी तुमची पुतणी आहेच. जुन्या फोटोंपैकी एखादा तिच्या लहानपणचा निघाला, तर तो आधी तिला एकटीला पाठवा आणि विचारा, ‘हा ग्रुपवर टाकू का?’ नको म्हणाली तर टाकू नका. काहीच बोलली नाही तरी टाकू नका.

तुमची,
ताई