उरलेलं कार्पेट जिन्याखालच्या कपाटात चिकटवायला कोणतं फेविकॉल घ्यावं?

कोणतंच नको. बेडरूमचं कार्पेट घातल्यावर 6 फूट बाय 3 फूट तुकडा उरलाय म्हणता, तो मापात कापा आणि नुसता अंथरा. कपाटाच्या तळाला कार्पेट डकवायची खोड सुतारांची, आणि त्यावरून माझं त्यांच्याशी कधीच जमलेलं नाही. प्लायवर सनमायका बसवतो तसंच हेही, असा त्यांचा हिशोब. अहो, सनमायका फडक्याने पुसता येतो. कार्पेट बाहेर काढून झटकावं लागतं. पांढरं फेविकॉल लाकडाला उत्तमच, पण त्यातलं पाणी सुकून बाहेर पडायला वाट हवी. खाली टाइल किंवा कडप्पा, वर कार्पेटची रबरी पाठ, मग ते जाणार कुठून? मधला भाग कितीतरी दिवस ओलसर राहतो. पावसाळ्यात खालून ओल आली की पुन्हा मऊ पडतो, आणि कपाट उघडलं की कुबट वास.

म्हणून आधी ओल बघा. फूटभर प्लास्टिकचा चौकोन तळावर ठेवून चारी कडा टेपने बंद करा, 24 तासांनी उचला. आतून दव दिसलं किंवा खालची फरशी काळपट पडली असेल तर कार्पेटचा नाद सोडा. ही परीक्षा मे महिन्यात सगळीच कपाटं पास होतात. जुलैत घ्या.

आता माप. गिलाव्याच्या भिंतीत काटकोन नावालाच असतो. नुसती लांबी-रुंदी मोजून कापलंत तर मागे फट राहते आणि पुढे फुगा येतो. वर्तमानपत्राची पानं एकमेकांना जोडून तळात पसरा, त्यात मध्ये चार छोट्या खिडक्या कापा आणि खिडक्यांवरून टेप लावून कागद फरशीला पक्का करा, म्हणजे तो सरकत नाही. मग भिंतीच्या बुडाशी स्टीलची पट्टी दाबून घडी उमटवा, घडीवर कापा. उचलण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात ‘वर’ आणि पुढच्या कडेला ‘दार’ लिहा.

हे लिहिणं पोरखेळ वाटतं, पण खरा घोळ पुढेच होतो. कार्पेट कापायचं उलट्या बाजूने, तेव्हा कागदही पालथा पडला पाहिजे. लिहिलेली बाजू खाली गेली, अक्षरं दिसेनाशी झाली, तर बरोबर. अक्षरं वाचता येतायत म्हणजे तुकडा आरशातला निघणार. आयताकृती कपाटात ही चूक खपून जाते. जिना वळणाचा असेल किंवा कोपऱ्यात पिलर घुसलेला असेल, तर पिलरची खाच भलत्याच बाजूला येते आणि उरलेल्या कार्पेटचा दुसरा तुकडा काही मिळत नाही.

कटर 18 मिमी पात्याचा घ्या, टोक मोडून नवी धार काढा, पट्टी धरून दोन-तीन हलके हात मारा. एका दमात कापायला गेलात तर पातं पट्टी सोडून पळतं. कार्पेट फासांचं असेल, म्हणजे लूपचं, तर मात्र सुलट बाजूनेच, दोन ओळींच्या मधून कापा; तेव्हा कागदही सुलटाच, अक्षरं वर. फास अर्धा कापला गेला की अख्खी ओळ उसवत जाते.

भिंतीच्या तिन्ही बाजूंनी 2-3 मिमी कमी ठेवा. दार चौकटीच्या आत बसत असेल तर पुढची कड 25 मिमी आतच थांबवा. दाराखाली फट 2-3 मिमीची आणि कार्पेट 8 मिमीचं, दार घासणारच. लव दाराकडे झोपलेली ठेवा, ट्रंक ओढताना सरळ येते; उलटी ठेवलीत तर ट्रंकेबरोबर कार्पेटही गोळा होऊन येतं. पुढच्या कडेखाली दुहेरी टेपची एक पट्टी, बस. बाकीचं सामानाच्या वजनाने बसतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लोकरीचं असेल तर बंद कपाटात कसर लागते, नकोच. दुकानदार पीव्हीसीच्या शीटलाही कार्पेटच म्हणतात. तुमचं ते असेल तर लव, फास विसरा, माप तेवढं असंच घ्या. आणि राहिलेल्या पट्ट्या सिंकखाली, सिलिंडरच्या कप्प्यात किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली घालू नका.

तरीही चिकटवायचंच असेल, तर फक्त कोरड्या प्लायवर आणि रबरी सोल्युशनने, सुतार ज्याला एसआर म्हणतात त्याने. दोन्हीकडे पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग मागून पुढे दाबत या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. त्याचा वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवासुद्धा तेवढ्यापुरता शांत करा.